खोक्याची पूजा

आमच्या दुकानात 'टीव्ही' म्हणायला बंदी आहे. स्क्रीन म्हणायचं, नाहीतर डिस्प्ले. टीव्ही म्हटलं की गिऱ्हाइकाला आईकडचा जाडा डबा आठवतो आणि आपण भिंतीएवढं काहीतरी घ्यायला आलोय हे तो विसरतो, असं मालकांचं म्हणणं. मी एकोणीस वर्षं टीव्हीच म्हणत आले आहे. मला कुणी काढलेलं नाही, कारण तो भिंतीवर चढवायची वेळ आली की तिथे शब्द चालत नाहीत, मी लागते.

दुकान नवीन पनवेलला आहे. माझं काम विक्रीचं नाही. विकलेला स्क्रीन घरात नेऊन बसवायचा, आणि त्याआधी ते घर तो घ्यायच्या लायकीचं आहे का ते बघायचं, हे माझं काम. ऐंशी, शंभर, एकशे पंधरा इंच. त्याच्याही वर गेलं की एकसंध स्क्रीन मिळत नाही, मग भिंतच दिव्यांनी मढवायची. हे सगळं कोणाच्या घरात जातं ते विचारू नका. जातं. पनवेलपासून कर्जतपर्यंत नदी, डोंगर किंवा नुसतं कुंपण दिसलं की तिथे बंगला आहे, आणि बंगल्यात एक मोकळी भिंत आहे.

भिंतीबद्दल लोक जितकं खोटं बोलतात तितकं वयाबद्दलही बोलत नाहीत. "मॅडम, भिंत एकदम सॉलिड." मी बोटाच्या पेरांनी ठोकते. ठक्क आवाज आला तर वीट. भुसभुशीत आला तर हलका ब्लॉक, त्याला वेगळे खिळे आणि वेगळा मसाला लागतो. आणि ढब्ब आला तर भिंतच नाही, प्लायवूडवर कागद चिकटवलाय. एका फार्महाऊसच्या मालकांनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं की भिंत नऊ इंची आहे. मी ठोकली, तर पलीकडून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "कोण आहे?"

दुसरं खोटं अंतराचं. सोफा भिंतीपासून किती लांब, हे विचारल्यावर लोक घराची इज्जत सांगतात, अंतर सांगत नाहीत. कामोठ्यात एका गृहस्थांनी अठ्ठ्याण्णव इंची घेतला. मेव्हण्याकडे पंचाऐंशीचा होता, एवढंच कारण. हॉल असा की सोफ्यावर बसून पाय लांब केले तर अंगठा स्क्रीनला लागेल. मी म्हटलं, घेऊ नका. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसवायचं बघा." बरं. खोक्यासकट तो लिफ्टमध्ये मावत नव्हता. इमारत जुनी, घर पाचव्या मजल्यावर, जिना अरुंद. एवढा मोठा स्क्रीन आडवा झोपवायचा नसतो. झोपवला की स्वतःच्याच वजनाने मधोमध वाकतो आणि आतली काच तडकते. तडा लगेच दिसत नाही, चालू केल्यावर दिसतो. म्हणून तो उभाच न्यायचा, चौघांनी, एका चालीत, एकाचं पाऊल अर्ध्या क्षणाने चुकलं तरी नाही चालत.

म्हणून माझी माणसं उरणकडची कोळी होती. होडी ओली असो की जड, वाळूवरून ती एकाच दमात हलते, नाहीतर हलत नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत. त्यांचा पुढारी हिरामण. वय माझ्याएवढंच, पन्नाशीला आलेला. पूर्वी नाखवा होता. समुद्रात मासळी कमी झाली तसा जमिनीवर आला आणि अकरा वर्षं माझ्याबरोबर होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो एकच आवाज द्यायचा, "होऽ", आणि चार माणसांचे आठ पाय एकदम उचलले जायचे. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका दार उघडून म्हणाले, "काय हो, थिएटर काढताय का?"

"नाय काका," हिरामण मान न वळवता म्हणाला, "होडी गच्चीवर चालवलीय. पानी चढलं तर या वर."

महिन्याभराने त्या गृहस्थांचा फोन आला, "मॅडम, चित्र थोडं लहान करता येतं का? मान दुखते." मी म्हटलं, मेव्हण्याकडे जाऊन बघा.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

आधी पूजेचं सांगते. नवी वस्तू घरात आली की आपण तिला हळदकुंकू लावतो. गाडीला लावतो, मिक्सरला लावतो. मी स्वतः लावते. पण स्क्रीनच्या पृष्ठभागावर प्रकाश परतू नये म्हणून एक पातळ थर असतो, आणि ओलं कुंकू त्या थराला खातं. खांदा कॉलनीत एका घरी आम्ही स्क्रीन बसवून जिना उतरेपर्यंत घरच्या बाईंनी त्यावर मधोमध स्वस्तिक काढलं. नंतर स्पिरिटने पुसलं. कुंकू गेलं, थरही गेला. तेव्हापासून त्या घरात चित्र काळं झालं की मधोमध पांढुरकं स्वस्तिक दिसतं. तक्रार आली नाही. उलट शेजारपाजारचे नमस्कार करून गेले म्हणे.

त्या प्रकारानंतर हिरामणने तोड काढली. खोकं फोडायच्या आधी ते भिंतीला उभं टेकवायचं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हाक मारायची. "आजी, पूजा करून घ्या." आजी म्हणायच्या, अरे, हा तर खोका. तो म्हणायचा, "आजी, आमी नव्या होडीची पूजा कवा करतो? पान्यात टाकायच्या आदी. पान्यात गेल्यावर कोन तिला हात लावील? तशीच ही. एकदा वीज सोडली का पूजा नाय लागत." आजींना पटायचं. खोक्यावर स्वस्तिक, अक्षता, फूल. नारळ दाराबाहेर. फोटो काढायचे. मग तो खोकं उघडायचा. कंपनीच्या जाड्या पुस्तकात शंभर सूचना आहेत, पण ही नाही, आणि हिच्याइतके स्क्रीन दुसऱ्या कुठल्याही सूचनेने वाचवले नसतील. आमच्याकडे कामाच्या कागदावर मी तिचा रकानाच केला होता. मोजमाप, भिंत, वीज, खोक्याची पूजा.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर आपटा गावाजवळ, पाताळगंगेच्या काठावरच्या एका बंगल्याचं काम आलं. मालक मुंबईचे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. घरात त्यांची ऐंशीची आत्या, वडिलांची बहीण, सगळ्या घराचीच आत्या. आणि घराची सजावट करणारी डिझायनर तन्वी, तिच्या शब्दाशिवाय तिथे उशीही हलत नव्हती. चौदा फूट रुंद भिंत दिव्यांनी मढवायची होती. यात एकच मोठी काच नसते. हातभर लांबीच्या चौकटी एकमेकींना चिकटवून बसवतात, प्रत्येकीवर हजारो बारीक दिवे. आम्ही त्यांना फरशा म्हणतो. त्यांच्यावर काच नसते, दिवे उघडे. ओला हात, घाम, थेंबभर पाणी चालत नाही. सुती हातमोजे घालायचे, आणि ते दर तासाला बदलायचे. हिरामणचे हातमोजे त्याची बायको रोज धुऊन, घडी घालून द्यायची.

त्या दिवशी मी कामोठ्यात दुसऱ्या कामावर अडकले होते. दुपारी हिरामणचा फोन.

"ताई, ही तन्वी मॅडम सगली खोकी टेम्पोत घालून पाठवतेय. संगमरवराला चरे पडतात बोलते. मी बोललो, एक राहू द्या, पूजेला. तर हसते."

मागून तन्वीचा आवाज ऐकू आला, "टीव्हीची पूजा? सीरियसली? उद्या सकाळी फोटोग्राफर येतोय, मला हॉल क्लीन पाहिजे."

आणि मी, एकोणीस वर्षांच्या अनुभवाची बाई, फोनवर काय म्हणाले? म्हणाले, "जाऊ दे हिरामण. मोठी माणसं आहेत. ते कुठे पूजाबिजा करतायत."

तो म्हणाला, "म्हातारी हाय ताई घरात."

"जाऊ दे म्हटलं ना."

खोकी गेली. त्या कागदावर पूजेच्या रकान्यात मी स्वतः आडवी रेघ मारली. काम संध्याकाळी पुरं झालं, भिंत लखलखली, साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले.

दिवाळीच्या आठवड्यात साहेबांचा फोन. उजव्या बाजूला खाली फरशांमध्ये काळ्या रेघा. पाहुण्यांसमोर. कंपनीचा इंजिनिअर आला, मीही गेले. त्याने दोन फरशा काढल्या, भिंगातून बघितल्या आणि म्हणाला, "समोरच्या बाजूने ओलावा आत गेलाय. क्षार पण आहेत. ओल्या हाताने कुणीतरी पुसलंय. हे वॉरंटीत बसत नाही."

साहेब म्हणाले, "आमच्या घरात कुणीही हात लावलेला नाही."

तन्वी तिथेच उभी होती. म्हणाली, "क्षार म्हणजे मीठ ना? तुमची माणसं उरणची आहेत ना मॅडम? त्यांच्या हाताला तर समुद्रच असतो." आणि हसली. साहेबही हसले, जरा उशिरा. मग म्हणाले, "तो पुढारी होता ना, त्याला मी एकदा हातमोज्यांशिवाय पाहिलं होतं बहुतेक."

बहुतेक. एका माणसाची अकरा वर्षं या एका शब्दावर गेली.

दुकानात परतल्यावर मालकांनी हिशेब मांडला तो असा. तन्वीच्या हातात आणखी तीन बंगले आहेत. चूक आपल्या माणसाची म्हटली तर फरशा आपण बदलून द्यायच्या, ती खूश, ते बंगले आपले. तिने लेखी मागितलंय. "तुम्हीच लिहा," मला म्हणाले, "तुमची सही असली की त्याला वजन येतं."

मी लिहिलं. 'आमचा कामगार हिरामण कोळी याने हाताळणीत केलेल्या निष्काळजीपणामुळे सदर बिघाड झाला असून त्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.' दोन ओळी. खाली माझी सही, दुकानाचा शिक्का. एक प्रत दुकानातल्या फळ्यावर लावली, बाकीच्यांना जरब बसावी म्हणून. तीही मीच लावली. हिरामणला मी फोनवर सांगितलं, "थोडे दिवस थांब, वातावरण तापलंय." तो दुसऱ्या दिवशी दुकानात आला. फळ्यासमोर उभा राहिला. वाचायला त्याला वेळ लागतो, पण पूर्ण वाचलं. मग हातमोज्यांचे चार जोड, धुतलेले, घडी केलेले, काउंटरवर ठेवले आणि गेला. त्याच्याबरोबर बाकीचे तिघेही गेले. ते नवल नाही. एकटा माणूस होडी ढकलत नाही.

नव्या फरशा महिन्याभराने आल्या. बसवायला हाताखालचे नवे लोक होते, त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः गेले. बिघडलेल्या भागाच्या बाजूच्याही दोन फरशा काढायच्या होत्या, रंग जुळतो का बघायला. चुंबकाच्या हत्याराने पहिली अलगद ओढली. मागच्या सांगाड्याच्या कडेवर, दोन फरशांच्या मधल्या फटीत, एक तांदळाचा दाणा होता. लाल.

मी हातमोजा काढला. दाणा तळहातावर घेतला. सांगाड्याच्या कडेने लाल खपली धरली होती, नखाने खरवडली तर बोट रंगलं. एवढं दिसल्यावर आणखी काही विचारायची गरज नव्हती. तरी मी वळून विचारलं, "इथे पूजा कुणी केली?"

साहेब वर्तमानपत्र वाचत होते. ते वाचतच राहिले. तन्वी रंग जुळतात का बघायला आली होती. ती म्हणाली, "मॅडम, आपण जरा बाहेर बोलू या का?"

"इथेच बोला."

आतून आत्या आल्या. बारीक चणीच्या, नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, पण पाठ ताठ. माझ्या तळहाताकडे बघितलं. "ही माझी अक्षत," म्हणाल्या. "तुम्ही लोक गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केली पूजा. कुंकू घरचं आहे, हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून मीच करते. चांगलं ओलं करून काढलं स्वस्तिक. मग ह्या पोरीचा फोटोवाला आला, तर हिने कामवालीकडून ओल्या फडक्याने पुसून घेतलं."

टाकणखार. इंजिनिअरने भिंगातून बघितलेला क्षार तो. समुद्राचा नव्हता. उरणचा तर नव्हताच.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी तन्वीला म्हटलं.

"मला शुअर नव्हतं की त्यामुळेच—"

"आणि साहेब, तुम्हाला?"

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "हे बघा मॅडम, आत्याने सांगितलं होतं. पण तुमच्या दुकानाला हे कळलं असतं तर तुम्हीही हात वर केले असते. आता तुम्ही फरशा बदलून देताय, तुमचं काम चालू आहे, तन्वीचं चालू आहे. कुणाचं काय अडलं?"

"ज्याचं काम गेलं त्याचं."

"अहो, त्याला मिळालं असेल की दुसरं. या लोकांना कामाची कमी नसते."

मला राग लवकर येतो हे माझ्या घरचे सांगतात. खरं म्हणजे मला राग येत नाही, मी तो चढवते, लोकांना वेळेवर कामाला लावायला. त्या दिवशी आला.  मी हत्यार पेटीत ठेवलं.

"हे काय? पूर्ण नाही करणार?" तन्वी.

"नाही."

"अहो, संध्याकाळी माझ्या मुलीच्या सासरची मंडळी येतायत," साहेब उठून उभे राहिले. "भिंतीला भोक आहे!"

"दाखवा त्यांना. विचारलं तर सांगा, घरात कुणी हात लावला नव्हता."

आत्या इतका वेळ उभ्याच होत्या. मला वाटलं, म्हातारी आता रडेल. तसलं काही झालं नाही. त्यांनी साहेबांकडे वळून सरळ आवाजात विचारलं, "अरुण, तू मला म्हणालास, आत्या, दुकानाला कळलं तर बदलून मिळणार नाही, तू गप्प बस. मी बसले. कुणा माणसावर घातलंत, ते नाही सांगितलंस."

"आत्या, तू यात पडू नकोस."

"मी पडलेलीच आहे. माझ्या गप्प बसण्याने कुणाच्या ताटातली भाकरी गेली, ते तरी बघून येते." आणि मला म्हणाल्या, "तुमच्या गाडीत जागा आहे ना?" चपला घालून त्या माझ्याआधी गाडीपाशी पोचल्या.

हिरामण उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामात लागलाय एवढं मला माहीत होतं. माहीत होतं, आणि महिन्याभरात मी तिकडे फिरकले नव्हते. आपट्याहून जायला चांगला वेळ लागला, पुढे कंटेनरच्या गाड्यांची रांग. आत्या वाटेत एकदाच बोलल्या. "ती पोरगी नंतर हसून सांगत होती, खोक्याची पूजा करतात म्हणे तुमच्यात?" मी म्हटलं, हो. "मग मला कुणी सांगितलं का नाही?" मी गाडी चालवत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत तो गोदामाबाहेरच्या टपरीवर भेटला. आम्हाला बघून उठला, बाकडं पुसलं, आत्यांना बसवलं, चहा सांगितला. आत्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता, कामवालीच्या फडक्यासकट. मग हात जोडायला लागल्या.

"आजी, असं नका करू," त्याने त्यांचे हात खाली केले. "पूजा तुमी केलीत ते बेस केलंत. नवीन वस्तू हाय, करायलाच पायजे. मी सांगनार व्हतो तुमाला, पन दाखवायला खोका नव्हता. नुसत्या हवेला कुंकू लावा, असं कसं सांगू?"

आत्या हसल्या. मीही हसले, आणि चूक केली, कारण मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. अकरा वर्षांत त्याने माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही.

"ताई, ती मॅडम बोलली, साहेब बोलले, त्यांचं मला काय नाय. ती मला वलखत नाय. तुमी वलखता. तुमी मला विचारलं नाय."

"हिरामण—"

"एकदा विचारायचं व्हतं. हिरामण, हात लावलास का? बस. येवढंच. मी बोल्लो असतो, नाय. मंग तुमाला वाटलं असतं का खोटं बोलतोय, तर काढायचं व्हतं. पन विचारायचं व्हतं ना."

आत्या चहाच्या पेल्याकडे बघत राहिल्या.  उत्तर होतं माझ्याकडे, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. इथे लिहिते. मी त्याला विचारलं नाही, कारण तो काय सांगेल ते मला माहीत होतं. आणि ते ऐकल्यावर त्या कागदावर सही करता आली नसती. तन्वीचा राग मला अजून येतो, साहेबांचा येतो, आमच्या मालकांचा येतो. पण त्यांनी खोटं बोलून केलं. मी खरं माहीत असून केलं. या दोन्हींत माझं जास्त वाईट आहे, हे कुणी मला समजावून सांगायची गरज नाही.

संध्याकाळी दुकानात येऊन मी दुसरा कागद टाइप केला. बिघाड कशाने झाला, कुणी केला, कुणाला माहीत होता, सगळं. मालकांनी वाचलं आणि म्हणाले, "'खोटा आरोप' काढा. 'गैरसमज' घाला."

"गैरसमज कुणाचा झाला होता? मला एक नाव सांगा."

त्यांनी नाव सांगितलं नाही, मीही शब्द बदलला नाही. त्याच फळ्यावर, त्याच जागी लावला. प्रती साहेबांना, तन्वीला आणि कंपनीला पाठवल्या. तन्वीचे तीन बंगले दुसऱ्या दुकानाकडे गेले. मालक त्यानंतर महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले, आणि खरं सांगायचं तर तो महिना कामाला चांगला गेला. आपट्याची भिंत दुसऱ्या कुणीतरी भरली. रंग जुळला नाही असं ऐकलं. वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या फरशांचे रंग कधीच जुळत नाहीत. बघणाऱ्याला खालच्या कोपऱ्यात एक फिकट चौकोन दिसतो म्हणे. मला त्याचा आनंद झाला. चांगल्या माणसाला असा आनंद होत नसेल, मला झाला.

हिरामण परत आला नाही. मी बोलवायला गेले तेव्हा त्याने दुसरा कागद वाचला, सावकाश, पूर्ण. घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "ताई, इथं रविवारी सुट्टी असते. आनि खोकी उघडावी लागत नायत, नुसती उचलायची." आता गोदामात चाळीस माणसं त्याच्या हाकेवर चालतात. माझी नवी माणसं अजून जिन्यात एकमेकांच्या पायावर पाय देतात, आणि मी वरून ओरडते.

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाचे अनुभव लिहा, असं संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, लिहायचं तर हेच, आणि आधी त्याला विचारून. या वेळी विचारायचं मी विसरले नाही. फोन लावला. म्हटलं, सगळं लिहिते आहे, माझ्यासकट, तुझं नाव बदलू का?

"कशाला बदलता?" तो म्हणाला. "फळ्यावर लावलंत तवा बदललं व्हतं का? आनि ताई, तवा अर्धंच घातलं व्हतं. बापाचं नाव राह्यलं. आता घालताच तर पुरं घाला."

हिरामण धर्मा कोळी.